सोडा फॅक्टरी नक्की कुठे होती?

ठाण्यात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणारा पाहुणा असेल तर आधी चहा देते आणि मग गावभर फिरवते, एवढाच फरक.

विनिताने हा प्रश्न मला पहिल्याच भेटीत विचारला. तिच्या थंडगार ऑफिसात, माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवत. गलबत टूर्स नावाच्या सहल कंपनीत ती मोठ्या हुद्द्यावर आहे. वयाने माझ्या मुलाएवढी, बोलणं मात्र पोलीस चौकीतलं. कंपनीने 'गोऱ्यांची गावं' म्हणून नवीन सहली काढल्या होत्या. पोर्तुगीज आणि इंग्रज जिथे जिथे नांदले त्या गावांत एक सकाळ पायी हिंडायचं, बघायचं, खायचं, घरी जायचं. वसई सुरू झाली होती, मुंबईचा फोर्ट ठरला होता. यादीत एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोन गावं रांगेत होती. रेवदंडा आणि आमचं ठाणं.

"रेवदंड्याला समुद्र आहे, माडाच्या वाड्या आहेत, तटबंदी आहे," विनिता म्हणाली. "फोटो काय भारी येतात! ठाण्यात काय आहे, चित्राताई?"

"तटबंदी ठाण्यालाही आहे," मी म्हटलं. "फक्त आत जायला गुन्हा करावा लागतो."

ती हसली. ठाण्याच्या किल्ल्यात तुरुंग आहे हे तिला माहीत होतं तर. त्या हसण्यावर मला एक रविवार मिळाला.

"ट्रायल घेऊ," ती म्हणाली. "पाहुणे आम्ही आणतो, वाटाड्या तुम्ही. जमलं तर ठाणं, नाही तर रेवदंडा फायनल. त्याच दिवशी सांगेन, ताटकळत ठेवणार नाही."

आता तुम्ही म्हणाल, एका सहलीचं ते काय एवढं! पण मी जन्मले ठाण्यात, लग्न करून गेले तेही ठाण्यातल्याच दुसऱ्या गल्लीत. विमा कंपनीतली सगळी नोकरी मुंबईला केली. तिथे कुणी विचारलं, कुठे राहता, आणि मी ठाणं म्हटलं, की समोरचा 'अच्छा, लांबून येता' म्हणायचा. सगळी उमर हे ऐकलं. निवृत्त झाल्यावर ग्रंथालयात बसून गॅझेटियर वाचली, गल्ल्या तुडवल्या, आनंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पाहुणा समजून सगळं ठाणं पाच-पाच वेळा दाखवलं. ठाण्याहून जाणारे लोक पुष्कळ आहेत. कुणीतरी एकदा मुद्दाम ठाण्यासाठी ठाण्यात यावं, एवढंच मला हवं होतं. फार हवं होतं.

शुक्रवारी मी पाहुण्यांना मेसेज पाठवला. 'रविवारी सकाळी सात वाजता सोडा फॅक्टरीपाशी भेटू. पायात बूट घाला, पोट रिकामं ठेवा. पत्ता कुणालाही विचारा, सांगेल.' आनंदने तो माझ्या खांद्यावरून वाचला आणि म्हणाला, "टोपी आणायला सांग." मी टोपी घातली मेसेजात. बाकी त्याला काही खटकलं नाही, मलाही नाही.

सोडा फॅक्टरी म्हणजे गोटीसोड्याचा कारखाना. इंग्रजांच्या काळातला. कचेरीतले साहेब संध्याकाळी जे काही पीत, त्यात घालायला सोडा लागे, तो इथे तयार होई, गळ्यात गोटी अडकवलेल्या जाड बाटल्यांतून. लहानपणापासून आमच्या घरात सोडा फॅक्टरीवाचून पान हलत नसे. सोडा फॅक्टरीच्या पुढचा शिंपी, सोडा फॅक्टरीवरून वळलं की डॉक्टर, सोडा फॅक्टरीपाशी माझी आत्या सायकलवरून पडली. ठाणेकराला पत्ता विचारलात तर तो असाच सांगणार. आमच्याकडे पिंपळ तोडला तरी पत्त्यातला पिंपळ कुणी तोडत नाही.

रविवारी मी साडेसहालाच हजर. मसुंदा तलावाच्या कडेला, चर्चच्या बाजूच्या कोपऱ्यावर. हिरवी साडी, गळ्यात पिशवी, पायात नवे बूट. तलावपाळीवर सगळं ठाणं चालायला उतरलं होतं. होड्या काठाला बांधलेल्या, हास्यक्लबातली मंडळी हात वर करून हसत होती, इडलीवाल्याच्या भांड्यातून वाफ येत होती. मी इतकी खुशीत होते की मीही त्यांच्याबरोबर थोडं हसून घेतलं. आनंद पाण्याच्या बाटल्यांची पिशवी सांभाळत बाकावर बसला होता.

सात वाजले. कुणी नाही. सव्वासातला फोन वाजला.

"चित्राताई, कुठे आहात?" विनिता.

"सोडा फॅक्टरीपाशी!"

"आम्हीही सोडा फॅक्टरीपाशीच उभे आहोत."

"मग दिसत कशा नाही तुम्ही? हात वर करा."

"केलाय," विनिता म्हणाली. तिचा आवाज आता ऑफिसातल्यासारखा झाला होता. "इथे भांड्यांचं दुकान आहे. दुकानदार स्वतः सांगतायत, हीच सोडा फॅक्टरी."

"भांड्यांचं दुकान? अहो, ते टेंभी नाक्यावर आलं! कुणी सांगितलं तुम्हाला तिथे जायला?"

तेवढ्यात दुसरा फोन. डोंबिवलीहून येणारी नीरजा नावाची कॉलेजातली मुलगी होती, तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणी. "मावशी, आम्ही पोचलेलो कधीचे. जांभळी नाक्यावर, फुलवाल्यांच्या समोर. रिक्षावाले काका बोलले हीच सोडा फॅक्टरी. पण इथे तर कायच नाहीये."

मी फोन ठेवला आणि आनंदवर ओरडले, कारण जवळ तोच होता. "काय माणसं आहेत रे! साधी सोडा फॅक्टरी दाखवता येत नाही यांना?"

आनंद बाकावरून उठला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "चित्रा, सोडा फॅक्टरी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? ही काय!" मी हात लांब करून दाखवली.

माझ्या हाताच्या टोकाला रक्त तपासणीची लॅब होती. वर दहावी-बारावीचे क्लासेस. त्याच्या वर बँकेची जाहिरात. माझा हात तसाच वर राहिला. सोडा फॅक्टरी मी जन्मले त्याच्याही आधी बंद झालेली, आणि ती मी उभ्या जन्मात पाहिलेली नव्हती. माझी आजी या कोपऱ्याकडे हात करून सोडा फॅक्टरी म्हणायची, म्हणून मीही म्हणत होते. परगावच्या माणसांना मी एका नसलेल्या इमारतीपाशी बोलावलं होतं.

"गुगलवर पण नाहीये," आनंद मोबाइल बघत म्हणाला. त्या क्षणी त्याला तलावात ढकलून द्यावंसं वाटलं मला.

सगळ्यांना फोन करून तलावपाळीवर बोलावलं. आधी विनिता आली, तिच्याबरोबर नाशिकचं एक जोडपं आणि माजिवड्याच्या टॉवरमधून आलेला एक तरुण. त्या तरुणाला ठाण्यात राहायला येऊन बारा वर्षं झाली होती आणि तलावपाळी तो पहिल्यांदा बघत होता. ह्यांच्या पुढे तरातरा चालत एक गृहस्थ आले. कपाळाला गंध, हातात दुकानाच्या किल्ल्या. हे भांडेवाले परशुराम. आपला शब्द खोटा पडतोय हे ऐकून ते दुकान पोराच्या ताब्यात देऊन आले होते.

"कोण म्हणतं सोडा फॅक्टरी तलावावर होती?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

मी बोलणार एवढ्यात रिक्षा येऊन थांबली. नीरजा आणि तिच्या मैत्रिणी उतरल्या, आणि मागोमाग रिक्षावालाही उतरला. उंच, पांढऱ्या मिशांचा. नाव दौलत.

"कोण बोलतंय जांभळी नाक्यावर नव्हती म्हणून?" दौलत म्हणाला. "पस्तीस वर्षं रिक्षा चालवतोय मी ह्या गावात. माझा बाप त्या फॅक्टरीतनं बाटल्या उचलायचा, हातगाडीवर. जांभळी नाक्यावरनं!"

"बाटल्या जांभळी नाक्यावर विकायला आणत असेल," परशुराम म्हणाले. "बनत टेंभी नाक्यावर होत्या. आमच्या दुकानाच्या खाली पाया खणला तेव्हा काच निघालेली, काच!"

"काच काय कुठेपण निघते."

"जाड काच! हिरवी!"

विनिताने घड्याळाकडे बघितलं. "चित्राताई, सुरू करायचं का?"

मी घाईघाईने सुरुवात केली. आधी चर्च. पोर्तुगिजांच्या काळातलं, ठाण्यात त्यांची वस्ती होती तेव्हाचं. त्या वेळी इथे रेशमाचे माग होते, ठाण्याचं कापड समुद्रापार जायचं, हे सगळं मी पाठ केलं होतं. घरी आरशासमोर बोलताना माझ्याच अंगावर काटा आला होता. पण आत रविवारची प्रार्थना चालू होती. आत कसं जायचं? बाहेर उभी राहून मी मागांबद्दल सांगू लागले, आणि बघते तर नाशिकच्या बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या. त्यांच्या कानावर मागून येणारा आवाज जास्त चांगला पडत होता.

"बर्फ कुठनं आणत होते मग, सांगा ना!" दौलत विचारत होता. रिक्षा लावून तो आमच्या मागे येत होता. परशुरामही येत होते. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याला एकटं सोडायचं नव्हतं.

मी आवाज चढवला. पुढे निघालो. देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघाली ती आमच्या ठाण्याला येऊन थांबली, कारण त्याच्या पुढे जाण्यासारखं तेव्हा काही नव्हतं, हे मी डोंबिवलीच्या मुलींकडे बघून म्हटलं. एरवी या वाक्याला हमखास हशा येतो. नीरजा भांडलीही असती. पण ती मागे होती, आणि दौलतला विचारत होती, "काका, ती गोटी आत कशी घालायचे पण?"

"बाटली बनवतानाच घालतात," दौलत म्हणाला. "मग अंगठ्यानं दाबायची. ठक्कन आवाज आला पाहिजे. माझा बाप एका अंगठ्यानं फोडायचा."

"माझे आजोबा करंगळीने," परशुराम म्हणाले.

"काय पण फेकता!"

असं करत आम्ही किल्ल्यापाशी पोचलो. माझा हुकमी एक्का. हा किल्ला पोर्तुगिजांनी बांधायला काढला, तो पुरा व्हायच्या आत मराठ्यांनी घेतला, मग इंग्रजांनी तोफा लावून घेतला आणि पुढे त्यात कैदी कोंडले. क्रांतिकारकांना इथे फाशी दिली. मला वाटलं होतं, या भिंतीसमोर उभं राहून हे सांगितलं की लोक गप्प होतील. गप्प झाले खरे, पण शिपायामुळे.

"फोटो काढायचा नाही. उभं राहायचं नाही. चला, पुढे चला," तो म्हणाला.

"अहो, दोन मिनिटं, मी इतिहास सांगते आहे."

"चालता चालता सांगा, मॅडम."

चालता चालता किल्ला संपला. तो तरुण भला होता, त्याने मान वळवून वळवून भिंत बघितली. विनिताने काही लिहिलं नाही, काही विचारलं नाही. ती न विचारणं मला सगळ्यात वाईट लागलं. चर्च बंद, किल्ला बंद, सोडा फॅक्टरी जागेवर नाही. रेवदंड्याचे माड मला डोळ्यांसमोर हलताना दिसायला लागले.

कोर्ट नाक्याला चहाच्या टपरीपाशी मी थांबले आणि मागे वळले. माझ्या मागे आनंद होता, विनिता होती. बाकीचं सगळं पाहुणेमंडळ रस्त्याच्या पलीकडे होतं, दौलत आणि परशुराम यांच्याभोवती कोंडाळं करून. आणि त्यांच्यातच आणखी लोक मिसळले होते. दुधाची पिशवी घेतलेले एक काका, कुत्रा फिरवणारी बाई, दोन वकील, एक झाडूवाला.

माझा तोल सुटला. मी रस्ता ओलांडून गेले.

"बंद करा!" मी ओरडले. "वर्षभर खपले मी ह्या एका सकाळसाठी. वर्षभर! हे लोक ठाणं बघायला आलेत, तुमची भांडणं ऐकायला नाही. तुमच्यामुळे ठाणं जाणार आणि रेवदंडा येणार, कळतंय का तुम्हाला? आणि सोडा फॅक्टरी तलावावर होती! माझी आजी खोटं बोलत नव्हती!"

मग कुत्रा फिरवणारी बाई म्हणाली, "तलावावर? अगं बाई, तलावावर कशी असेल? तलावावर तर घोड्यांचा तबेला होता."

"तबेला तिकडे नव्हता हो," दुधाचे काका म्हणाले.

आणि पुन्हा सुरू. आता सोडा फॅक्टरीबरोबर तबेलाही आला. कुणी म्हणालं त्या तबेल्यात कलेक्टर साहेबाची घोडी बांधत. कुणी म्हणालं घोडी नव्हे, बग्गी. परशुरामांच्या आजोबांना साहेबाने रिकामी बाटली फेकून मारली होती आणि आजोबांनी ती झेलून, विकून पैसे केले होते. दौलतच्या बापाने एकदा चिखलात गाडी अडकली तेव्हा सगळा सोडा रस्त्यावर पोरांना वाटून टाकला होता, आणि जांभळी नाक्यावरची सगळी पोरं दिवसभर ढेकर देत हिंडत होती. नाशिकच्या बाई हसून हसून डोळे पुसत होत्या. तो माजिवड्याचा तरुण विचारत होता, "मग पोलिसांनी पकडलं का त्यांना?" बारा वर्षांत त्याने ठाण्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. मी बघत राहिले. असे कान टवकारलेले पाहुणे मला आरशासमोरही दिसले नव्हते.

विनिताने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. संपलं, मला वाटलं.

"चित्राताई, हे तुम्ही ठरवून आणलंत?"

"छे हो! मी कशाला आणू? माफ करा, मी..."

"माफी काय मागताय? हे भन्नाट आहे! वसईला दोन महिने झाले, एकही पाहुणा गाइडला प्रश्न विचारत नाही. इथे बघा, कुणी हलायला तयार नाही." तिचे डोळे चमकत होते. पोलीस चौकी कुठच्या कुठे पळाली होती. "एक सांगा. ती फॅक्टरी खरंच कुठे होती, कुणालाच माहीत नाही ना?"

"तसं दिसतंय खरं."

"मग उत्तमच. हे भांडण दर रविवारी होणार असेल तर ठाणं आत. आत्ता सांगते. पण भांडण पाहिजे. ते मिटलं तर मग तुमच्याकडे एक बंद चर्च आणि एक जेल उरतं."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. ठाणं आत! मी आनंदकडे बघून अंगठा वर केला, त्याला काही कळलं नाही, त्यानेही केला. आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्या पिशवीला काठीने टोचलं.

प्रभाकरकाका. माझ्या वडिलांचे मित्र, निवृत्त वकील, वय नव्वदीकडे झुकलेलं. टपरीच्या बाकावर बसून रोज सकाळी चहा घेतात. धोतर स्वच्छ, कान शाबूत.

"चित्रा, जरा इकडे ये," ते हळू म्हणाले. "मघापासून ऐकतो आहे मी. ही मंडळी फार चुकीचं सांगत आहेत. तूसुद्धा."

"काका, तुम्हाला ठाऊक आहे?"

"मला ठाऊक नसेल तर कुणाला? तो कारखाना आमचाच होता. माझ्या वडिलांचा. माझा जन्म त्याच्या माडीवर झाला." त्यांनी काठी उचलून टपरीच्या मागे दाखवलं, जिथे आता झेरॉक्सची दुकानं आहेत. "इथे होता. अगदी इथे. सोडा पिणारे साहेब कोर्टात आणि कचेरीत. मग तलावावर कारखाना काढून गाढवासारखं ओझं कोण वाहील? साधा विचार कर."

मी विचार केला. खरंच की. इतकं साधं होतं. गॅझेटियर वाचणाऱ्या माझ्यासारखीला ते सुचायला हवं होतं. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, तो काही चांगला नव्हता. काका हळू बोलले होते. विनिताने ऐकलं नव्हतं. आपण 'हो का' म्हणून मान हलवली, त्यांना आणखी एक चहा पाजला, तर काही बिघडणार नव्हतं. ठाणं आत होतं. मी तोंड उघडलं की भांडण खलास, आणि भांडण खलास म्हणजे रेवदंडा.

मी आनंदकडे बघितलं. तो बिचारा अजून अंगठा वर करून उभा होता.

पण मग करायचं काय? दर रविवारी लोकांना ठाणं दाखवायचं आणि खरी जागा माहीत असून ती गिळून बसायचं? सगळी उमर ठाण्याला कुणी किंमत देत नाही म्हणून जळफळले ती मी, आणि पहिली थाप मीच मारायची? मला स्वतःचाच राग आला. तो राग घेऊनच मी पुढे गेले.

"ऐका!" मी ओरडले. घसा आधीच बसला होता. "सोडा फॅक्टरी तलावावर नव्हती. माझी आजी चुकली, मीही चुकले. जांभळी नाक्यावर नव्हती, टेंभी नाक्यावरही नव्हती. ती इथे होती. ह्या झेरॉक्सच्या जागी. हे प्रभाकरकाका. कारखाना ह्यांच्या वडिलांचा. ह्यांचा जन्म त्याच्या माडीवरचा. संपला विषय."

विनिताचा चेहरा पडला. तिने मोबाइल बाहेर काढला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि साडीचा पदर उगाच नीट केला. गेलं, मी मनात म्हटलं. गेलं ठाणं. रडू येत होतं, पण लाज वाटत नव्हती.

दौलत प्रभाकरकाकांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. मान तिरकी करून त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग झेरॉक्सच्या दुकानाकडे बघितलं. मग परशुरामांकडे बघितलं. त्या दोघांचं सकाळपासून पहिल्यांदा एकमत झालेलं दिसलं.

"आजोबा," दौलत अदबीने म्हणाला, "कारखाना तुमचा असेल. पण इथे नव्हता."

"म्हणजे काय?" प्रभाकरकाका उभे राहिले. "अहो, माझा जन्म इथे झाला!"

"जन्माच्या वेळी तुम्ही केवढे होता?" परशुरामांनी विचारलं. "तेव्हाचं तुम्हाला काय आठवणार?"

"मी पाच वर्षांचा होईपर्यंत तिथे राहत होतो!"

"पाच वर्षांच्या पोराला नाका कळतो का हो कुठला ते?" दुधाचे काका म्हणाले.

"माझ्या वडिलांच्या कारखान्याचा पत्ता मला तुम्ही शिकवणार?" प्रभाकरकाकांची काठी हवेत गेली. "वकिली केली आहे मी ह्या कोर्टात! चाळीस वर्षं!"

"तीच तर अडचण आहे," एक वकील म्हणाला, आणि सगळा नाका हसला.

मग जे काही उसळलं ते मी लिहू शकत नाही, कारण सगळे एकदमच बोलत होते. प्रभाकरकाकांनी वडिलांच्या कारखान्यातली, बाटल्या धुवायचं पाणी तापवायची भट्टी कुठल्या तोंडाला होती ते काठीने रस्त्यावर आखून दाखवलं. दौलत त्याच्यावर उभा राहून म्हणाला, अशी भट्टी असती तर धूर कोर्टात शिरला असता. नीरजा प्रभाकरकाकांच्या बाजूने उतरली आणि तिच्या दोन मैत्रिणी दौलतच्या. नाशिकचं जोडपं आपसांतच भांडायला लागलं. माजिवड्याचा तरुण कुणालातरी फोन करून सांगत होता, "अरे, तू ये इकडे. आत्ता ये. कोर्ट नाका. नाही, मॅच नाही, त्याच्याहून भारी."

मी हसत होते आणि रडतही होते, दोन्ही एकदम. ही माझी माणसं. यांना पुरावा नको, साक्षीदार नको. खुद्द मालकाचा मुलगा आणून उभा केला तरी यांची सोडा फॅक्टरी तसूभर हलणार नव्हती. मला वाटत होतं की या गावाचं कुणाला काही पडलेलं नाही. आणि इथे दुधाची पिशवी फुटून वाहत होती तरी त्या काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

विनिता फोनवर बोलत होती. एका कानावर हात ठेवून, ओरडून. "सर, विनिता. रेवदंड्याला सॉरी सांगा. हो, ठाणं. शंभर टक्के! नाही, आवाज कसला म्हणजे, वॉक चालू आहे सर!"

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी तिचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि मघाशी राहिलेली मिठी मारली. ती अवघडली, मग हसायला लागली.

"चित्रा!" प्रभाकरकाका गर्दीतून गरजले. इतका तरुण आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तू कुणाच्या बाजूची आहेस? इथे येऊन उभी राहा!"

"तुमच्या, काका!" मी बूट वाजवत निघाले.

"ताई, तुम्हीसुद्धा?" दौलतने छातीवर हात ठेवला. "बरं. पुढच्या रविवारी माझ्या थोरल्या भावाला घेऊन येतो. त्याला सगळं माहीत आहे."

"आणा की," मी म्हटलं. "सात म्हणजे सात. उशीर केलात तर तुमच्याशिवाय भांडायला सुरुवात करू."